कोकणातून पहिला शोधनिबंध लिहिताना: उसनं काय, आपलं काय आणि एआयला काय विचारायचं

दापोलीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला असाल, रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात असाल, किंवा कणकवली-सावंतवाडीकडे एखाद्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. रेटत असाल, पहिला पेपर लिहायला बसलं की दोन धास्ती असतात. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर किती टक्के जुळणारा मजकूर दाखवेल? आणि चॅटजीपीटी वापरलेलं कळेल का? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न चुकीच्या टोकाने धरलेले आहेत. टक्का शून्यावर आणलेला पेपरही चोरीचा असू शकतो आणि एआयची मदत घेतलेला पेपरही चोख असू शकतो. तपासणारा माणूस शेवटी एवढंच विचारतो: हे तुम्हाला कुठून कळलं? प्रत्येक विधानाला, आकड्याला, फोटोला याचं उत्तर हाताशी असेल असं काम कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: नियम आधी वाचा

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम २०१८ सालचे आहेत. इंग्रजीत आहेत, पण फार लांब नाहीत. एका दुपारी वाचून होतात. त्यात साम्याचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा प्रबंध द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांमध्ये वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. नोकरीत असलेल्या शिक्षकांच्या प्रकाशित पेपरसाठी वेगळ्या शिक्षा आहेत: पेपर मागे घ्यायला लागतो, वरच्या स्तरांवर वेतनवाढ थांबते आणि गाईड म्हणून दोन किंवा तीन वर्षं विद्यार्थी घेता येत नाहीत.

काय मोजायचं नाही, तेही तिथेच दिलं आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, कायद्यांची आणि समीकरणांची ठरलेली भाषा, आणि सर्वसामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोग हे सगळं वगळायचं असतं. पदवीच्या वर्गातले प्रोजेक्ट रिपोर्ट आणि असाइनमेंट या विनियमांत येत नाहीत, म्हणून तिथे मोकळं रान आहे असं समजू नका. कॉलेजचे स्वतःचे नियम असतात. कृषी विद्यापीठांतही स्वतंत्र नियम असू शकतात, तेव्हा विभागात विचारा.

गाईडना पहिल्याच भेटीत सरळ विचारून टाका: "सर, भाषा सुधारायला एआय वापरलं तर चालेल का? कुठपर्यंत?" काही गाईडना ते अजिबात खपत नाही, काही स्वतःच रात्रंदिवस वापरतात. उत्तर काहीही मिळो, ते ईमेलवर घ्या. कॉरिडॉरमध्ये मिळालेली परवानगी व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी कुणालाच आठवत नाही.

दुसरी पायरी: टिपणं काढतानाच वेगळी ठेवा

मुद्दाम चोरी करणारे थोडे. बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते टिपणांत. आठ महिन्यांपूर्वी पीडीएफमधून एक परिच्छेद वर्डमध्ये चिकटवलेला असतो, "नंतर बघू" म्हणून. नंतर बघताना तो आपलाच वाटतो.

त्यावर उपाय साधा आहे. जसंच्या तसं उचललेलं वाक्य अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. आपल्या शब्दांत उतरवलेला मुद्दा वेगळ्या रंगात, पुढे लेखक आणि वर्ष. स्वतःचा विचार तिसऱ्या रंगात. एआयकडून आलेलं काहीही चौथ्या रंगात, तारीख आणि विचारलेला प्रश्न सोबत. हा चौथा रंग आता सगळ्यात महत्त्वाचा झाला आहे. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर संदर्भ सांभाळायला पुरेसं आहे. रेंज नसली तरी लॅपटॉपवर चालतं, आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा खाडीकाठी काम करणाऱ्याला त्याची किंमत कळेल.

तिसरी पायरी: "स्वतःच्या शब्दांत" म्हणजे नेमकं काय

यावर जरा थांबतो, कारण इथेच नवखे सगळ्यात जास्त अडतात. समजा हापूसच्या साक्यावर तुम्ही वाचलेल्या लेखात असं वाक्य आहे:

"साका ही विकृती फळ पक्व होण्याच्या काळात गराच्या आतील भागात निर्माण होते, फळ बाहेरून निरोगी दिसत असल्याने ती ओळखता येत नाही."

नवखा विद्यार्थी ते असं फिरवतो:

"साका हा दोष आंबा तयार होण्याच्या सुमारास आतल्या गरात उत्पन्न होतो, वरून आंबा चांगला दिसत असल्यामुळे तो कळत नाही."

साका, गर असे मोजके सोडले तर बहुतेक शब्द बदलले आणि सॉफ्टवेअर बहुधा काही बोलणार नाही. तरीही हे वाङ्मयचौर्यच आहे. सांगाडा तोच, मुद्द्यांचा क्रम तोच, स्वल्पविरामसुद्धा तिथेच. खाली संदर्भ दिला तरी हे फार तर ढिसाळ काम म्हणता येईल. आता हे पाहा:

"साका बाहेरून दिसत नाही (लेखकाचं आडनाव, वर्ष). म्हणून या अभ्यासात प्रत्येक झाडाची ठरावीक फळं अढीत पिकवून, कापून साक्याचं प्रमाण मोजलं."

इथे उसनी माहिती अर्ध्या ओळीत आली, श्रेय तिथल्या तिथे दिलं गेलं आणि पुढचं सगळं तुमचं. आधीच्या संशोधनाचा आढावा अशाच वाक्यांनी बनला पाहिजे. मूळ लेख बंद करायचा, "मला यातलं काय हवं आहे आणि कशासाठी" हे आठवून लिहायचं आणि मगच लेख उघडून आकडे ताडून पाहायचे.

शब्द फिरवून देणारी साधनं वापरून टक्का उतरवणाऱ्यांचं पुढे काय होतं, तेही ऐका. २०२१ मध्ये गियोम कबानाक हे फ्रेंच संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेल्या पेपरांमध्ये विचित्र इंग्रजी शब्दप्रयोग हुडकले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट चेतना. स्तनाच्या कर्करोगाला 'बुझम पेरिल'. ठरलेली संज्ञा बदलायची नसते. साक्याच्या 'स्पाँजी टिश्यू' या इंग्रजी संज्ञेला कुणी 'मऊ कापड' करून ठेवलं, तर साम्य कमी होईल आणि दापोलीतला कुठलाही परीक्षक पहिल्या पानावरच तुम्हाला ओळखेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. इंग्रजी लेखाचं भाषांतर करून स्वतःच्या नावावर खपवणं हीदेखील चोरी आहे. मराठी मजकूर तपासण्यात सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेले प्रबंध तर त्याला नीट वाचताही येत नाहीत. त्या भरवशावर बरेच जण आहेत. पण विनियमांनुसार पदवी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातो, तिथे तो कुणीही उघडू शकतो, आणि उद्याचं सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा हुशार असणार आहे. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांना २०११ मध्ये डॉक्टरेट आणि मंत्रिपद दोन्ही गमवावं लागलं; प्रबंध जुना होता, लोकांनी इंटरनेटवर एकत्र बसून पानापानांची तुलना केली.

चौथी पायरी: माणसांकडून मिळालेल्या माहितीचं श्रेय

कोकणात काम करताना निम्मं ज्ञान छापील नसतंच. कोणत्या वाऱ्यानंतर कुठली मासळी वर येते हे मिरकरवाडा बंदरातला तांडेल (नावेचा प्रमुख) सांगतो, मोहोराला तुडतुडा कधी लागतो ते बागायतदार सांगतो, दशावतारातल्या आख्यानाची जुनी बांधणी एखादा वयस्कर कलावंत सांगतो. हे सगळं "असे आढळून येते" या तीन शब्दांत गडप करणं ही चोरीच आहे, फक्त सॉफ्टवेअरला न दिसणारी. मुलाखतीची तारीख, गाव आणि संमती असेल तर नाव द्या. नाव नको असेल तर "देवगड तालुक्यातील एक बागायतदार" एवढं तरी द्या. कातळशिल्पांच्या बाबतीत तर स्थानिकांनी वाट दाखवल्याशिवाय सड्यावर काही सापडतच नाही. ऋणनिर्देशात "ग्रामस्थांचे आभार" लिहून ते ऋण फिटत नाही.

पाचवी पायरी: एआयकडून काय घ्यायचं

आपल्याकडची बरीच मुलं मराठी माध्यमातली. डोक्यात मुद्दा पक्का असतो, इंग्रजी वाक्यात तो लंगडतो. त्यासाठी एआयची मदत घेण्यात मला काही गैर दिसत नाही आणि बहुतेक मोठे प्रकाशकही ती मान्य करतात. संख्याशास्त्राची एखादी चाचणी समजावून घेणं, आर किंवा पायथनमधल्या प्रोग्रामची चूक शोधणं, "माझ्या युक्तिवादावर परीक्षक काय आक्षेप घेईल" असं विचारणं, हेही चांगले उपयोग आहेत.

पण क्रम महत्त्वाचा. परिच्छेद आधी तुम्ही लिहायचा, मोडक्या इंग्रजीत का होईना. मग सांगायचं: फक्त व्याकरण सुधार, अर्थ बदलू नको, बदललेले शब्द दाखव. आणि आलेला मजकूर मूळ परिच्छेदाशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायचा. कारण ही साधनं भाषा गुळगुळीत करता करता विधानही बदलतात. "फवारणीनंतर फुलकिडे कमी आढळले" याचं "फवारणीमुळे फुलकिडे कमी झाले" होतं. दिसायला दोनच शब्द बदलले. पण पहिलं तुमचं निरीक्षण आहे आणि दुसरा तुम्ही सिद्ध न केलेला दावा. मध्ये पाऊस पडला होता का, हे परीक्षक विचारणारच.

तथ्यांसाठी एआयवर विसंबू नका, विशेषतः आपल्या भागाबद्दल. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी वगैरे. संभाव्य यादी म्हणजे जागतिक वारसा यादी नव्हे. एआयच्या उत्तरात हा फरक सहज पुसला जातो. कातळशिल्पांचा काळ अजून वादाचा आहे, पण यंत्र तो अगदी ठामपणे सांगून मोकळं होतं. माशांच्या स्थानिक नावांवरून शास्त्रीय नाव विचाराल तर तोच प्रकार. नावं बंदरागणिक बदलतात, यंत्राला ते ठाऊक नसतं.

आणि काय देऊ नये? अप्रकाशित आकडेवारी, गाईडचा मसुदा, मुलाखतीची नावासकट रेकॉर्डिंग. तांडेलाने तुम्हाला बोलायला संमती दिली होती, परदेशातल्या सर्व्हरवर आवाज चढवायला नाही. शिवाय मालवणी बोलणं यंत्राने उतरवलं की प्रमाण मराठीकडे झुकतं. बोलीचा अभ्यास असेल तर पुरावाच गेला. कुणी तुमच्याकडे पेपर परीक्षणाला पाठवला असेल तर तोही चॅटबॉटला देऊ नका. तो गोपनीय असतो.

सहावी पायरी: प्रत्येक संदर्भ उघडून पाहा

मासे घेताना गलफडं उचलून बघतो, तेवढी तसदी संदर्भाच्या बाबतीतही घ्यावी. एआयने दिलेले संदर्भ तीन तऱ्हांनी दगा देतात. एक, पेपर अस्तित्वातच नसतो. शीर्षक झकास, जर्नल खरं, आतला मजकूर शून्य. दोन, पेपर असतो पण लेखक एकाचा, वर्ष दुसऱ्याचं, पानं तिसऱ्याची. तीन, पेपर अगदी खरा असतो, पण तुम्ही म्हणता ते त्यात कुठेच नसतं. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण वरवरच्या तपासणीत तो सुटतो.

तपासायचं असं: डीओआय क्रमांक (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) डीओआयच्या संकेतस्थळावर टाका, थेट पेपरच उघडला पाहिजे. डीओआय नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर शोधा, मग जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. पेपर सापडला की तुमचा मुद्दा ज्या पानावर आहे तो पान क्रमांक टिपणात लिहा. पान सापडत नसेल तर संदर्भ काढून टाका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले. पाच हजार डॉलर दंड झाला. मूळ लेख मिळत नसेल आणि दुसऱ्याच्या लेखातून मुद्दा घेतला असेल तर तसंच लिहा: अमुक, तमुक यांच्या लेखात उद्धृत. न वाचलेला पेपर वाचल्याचा आव आणू नका.

सातवी पायरी: फोटो, आकृत्या, आकडे

फोटो उजळणं, कापणं ठीक, तेही सांगून. पण कातळशिल्पाचा पुसट फोटो एआयने "स्वच्छ" केला की यंत्र नसलेल्या रेषा भरून काढतं. कशेळीच्या मोठ्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राणी कोरलेले आहेत. झिजलेल्या जागी नेमकी रेष आहे की दगडाची भेग, हाच तर संशोधनाचा विषय. खेकड्याच्या, माशाच्या, पानावरच्या रोगाच्या फोटोंनाही हेच लागू. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये एआयने काढलेली उंदराची अशक्य शरीररचनेची आकृती छापून आली. जगभर हसं झालं आणि थोड्याच दिवसांत पेपर मागे घ्यावा लागला. कॅमेऱ्यातली मूळ फाइल कायम जपून ठेवा. क्षेत्रनोंदींची वहीही, चिखलाच्या डागांसकट.

आठवी पायरी: साम्य अहवाल वाचायला शिका

अहवाल आला की पहिल्या पानावरचा टक्का बघून घाबरायचं किंवा खूश व्हायचं नाही. वगळण्याच्या सेटिंग नीट लावल्या आहेत का, हे ग्रंथपालांना विचारा. नंतर एकेक रंगीत पट्टा उघडा. साहित्य-पद्धतीच्या भागात "नमुने यादृच्छिक पद्धतीने निवडले" छापाची वाक्यं जुळणारच. पण एकूण नऊ टक्क्यांपैकी सहा टक्के एकाच लेखातून, तेही चर्चेच्या भागात आले असतील, तर ते २० टक्के विखुरलेल्या साम्यापेक्षा गंभीर आहे. स्वतःचाच आधी छापलेला पेपर जुळत असेल तर त्याचा उल्लेख प्रबंधात करा. स्वतःचा मजकूर न सांगता पुन्हा वापरणंही दोषच मानलं जातं.

एआय ओळखणाऱ्या साधनांचा आकडा हा वेगळा प्रकार आहे आणि तो फारसा भरवशाचा नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी एआयचे ठरवले. म्हणजे साधं, पुस्तकी इंग्रजी लिहिणारा आपला विद्यार्थी आधीच संशयाच्या फेऱ्यात. तुमच्यावर असा आरोप आला तर वाद घालत बसू नका. गूगल डॉक्सचा आवृत्ती-इतिहास, रंगीत टिपणं, वही, मूळ फोटो समितीपुढे ठेवा. दुसऱ्या पायरीचा खटाटोप इथे वसूल होतो.

नववी पायरी: वापरलं ते सांगा

एआयला लेखक किंवा सहलेखक करता येत नाही. तो जबाबदारी घेऊ शकत नाही, असं प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या कोप या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण वापर कळवायचा असतो. कुठे कळवायचा, हे प्रत्येक जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांत असतं. मसुदा असा चालेल:

"या लेखाच्या इंग्रजी मजकुरातील व्याकरण सुधारण्यासाठी चॅटजीपीटी (आवृत्ती, महिना व वर्ष) वापरले. सुचवलेले सर्व बदल लेखकांनी तपासले आहेत. आकडेवारी, विश्लेषण, निष्कर्ष व संदर्भ यांसाठी एआय वापरलेले नाही. संपूर्ण मजकुराची जबाबदारी लेखकांची आहे."

शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. प्रोग्राम लिहून घेतला असेल तर तसं सांगा.

दहावी पायरी: जर्नल निवडणं

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून "यादीत आहे ना, मग झालं" म्हणायची सोय गेली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह" अशा जाहिरातींना ऊत आला. आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक असतो, दर्जाचा शिक्का नव्हे. संपादक मंडळातल्या दोन माणसांची नावं त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा, मागचे दोन अंक वाचा, परीक्षणाला किती वेळ लागतो ते बघा. पैसे भरून तयार पेपरवर नाव चढवून देणारेही भेटतील. त्यांचा नंबर ब्लॉक करा.

छापून आल्यावर चूक सापडली तर

संदर्भ राहून गेला, आकृतीचं श्रेय सुटलं, कोष्टकात आकडा उलटा पडला, असं होऊ शकतं. कुणी दाखवून द्यायची वाट बघू नका. संपादकांना छोटं पत्र लिहा: कुठल्या पानावर काय छापलं गेलं, काय असायला हवं होतं, निष्कर्षावर त्याचा परिणाम होतो की नाही. परिणाम होत नसेल तर जर्नल शुद्धिपत्र छापतं आणि पेपर टिकतो. होत असेल तर पेपर मागे घेण्याची विनंती स्वतःच करा; लेखकाने आपणहून मागे घेतलेल्या पेपरकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. पत्र पाठवण्याआधी सगळ्या सहलेखकांना दाखवा आणि एक प्रत गाईडना द्या.